अर्चनाची वही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलू लागतो — कॉलेजातलं राजकारण, प्रमोशनच्या अटी, आजकालची पोरं. आताही तेच करून राहिलो का मी?

अमरावतीच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवतो. अर्चना माझी एम.ए.ची विद्यार्थिनी, हिवरखेडची. तिच्या बापाचा विड्याच्या पानांचा मळा. त्या कामातले शब्द तिनं गोळा केले होते — वेल कशानं बांधतात, पान खुडताना अंगठ्यात घालायच्या लोखंडी नखाला काय म्हणतात, डागी पानाला काय. बापाच्या मागं मागं मळ्यातून फिरून भरलेली दोनशे पानी वही. तिनं ती मला वाचायला दिली. म्हणाली, "सर, काई चुकलं असन तं लाल पेनानं लिहा."

चुकलेलं काहीच नव्हतं. म्हणूनच तर —

मला त्या वर्षी एक शोधनिबंध हवाच होता. आमच्या स्टाफरूममध्ये उचलण्याला कुणी चोरी म्हणत नाही, 'आधार घेतला' म्हणतात. मी कुणाचा आधार घेतला तेही लिहिलं नाही. वहीतलं सगळं माझ्या नावानं छापून आलं, तिचं नाव कुठंच नव्हतं. वही मागायला ती दोनदा आली. दोन्ही वेळा सांगितलं, अजून वाचून व्हायची आहे.

पुढं अकोल्याला नोकरी करत, वहीतलं आठवून आठवून, तिनं त्याच विषयावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला, दुसऱ्या गाईडकडं. तो सॉफ्टवेअरमधून तपासला, आणि तिचं एक अख्खं प्रकरण माझ्या निबंधाशी जुळलं. चौकशी समिती बसली. मलाही बोलावलं — ज्याचं चोरलं गेलं तो माणूस म्हणून!

ती म्हणाली, माझी वही सरांजवळ आहे. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तीही पाहत होती. रागानं नव्हे हो — आता सर सांगतील, अशा भरवशानं.

"वही? मला तर काही आठवत नाही," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो का? नाही. वरून मोठेपणा केला. मुलगी हुशार आहे, तिचं नुकसान नको, माफीपत्र घ्या आणि प्रकरण पुन्हा लिहू द्या. समितीतल्या बाईंनी तर माझं कौतुक केलं. अर्चनानं तिथंच माफीपत्र लिहिलं, माझ्या नावानं. मान वर केली नाही. प्रबंध तिनं पुन्हा दिलाच नाही. मी प्रोफेसर झालो. नव्या मुलांपुढं संशोधनातल्या प्रामाणिकपणावर व्याख्यान द्यायला मलाच बोलावतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या चौकशीनंतरचं.

महिन्याभरानं तिचा बाप माझ्या घरी आला. ओल्या फडक्यात बांधलेली पानं पुढं ठेवली. म्हणाला, "पोरीची चूक तुमी पोटात घातली, सर. थे घरी काई बोलतच नाई. काहून केलं असन तिनं असं?"

माझ्या निबंधातला एकेक शब्द या माणसाच्या तोंडचा होता — आणि मी त्याला काय सांगितलं?

"जाऊ द्या. लहान आहे, होतं असं."

वयानं माझ्याहून मोठा माणूस. माझ्या पाया पडायला वाकला.

मी त्याला थांबवलं नाही.