वाचली का पृथ्वी?

अंतराळयानांच्या त्या सिनेमांच्या मालिकेतला शेवटचा भाग काल थिएटरात बघितला. पार माती केली! बारा वर्षं ज्या शत्रूची धास्ती घातली, तो दोन वाक्यांत शरण आला. चिडून शेजारी वळलो, तर बायको ओढणी कानांवर घेऊन गाढ झोपलेली.

प्रत्येक भागाला ती अशीच झोपली आहे. घरी डुलकी लागली तरी गॅसवरचं दूध वर यायच्या आत उठणारी ही बाई, इथे पडद्यावर ग्रह फुटत असताना खुर्चीतल्या खुर्चीत कूस बदलते. तिच्याकडे बघता बघता माझा राग निवळला. हे एकच जग असं, जे वाचवायची जबाबदारी तिच्यावर नाही.

दिवे लागले. डोळे चोळत तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, "वाचली का पृथ्वी?"

"वाचली. आता पुढचा भाग नाही."

"अगंबाई! मग मी निवांत झोपायचं कुठं?"

"घरी. उद्या सकाळी दूध मी तापवतो."

ती खुदकन हसली. "अहो, ते बघायला मात्र मी जागी राहीन."