प्रज्ञाच्या नंबरवर येणारा ओटीपी

वर्षभर आमच्या लायब्ररीची किल्ली एका मेलेल्या मुलीच्या फोनमध्ये होती.

मुलगी म्हणजे प्रज्ञा. कंधारला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझी असिस्टंट. मी ग्रंथपाल, म्हणजे कागदोपत्री तिची साहेब.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

मी मुळात भित्री बाई. लिफ्टला घाबरते, एटीएमला घाबरते. कॉम्प्युटरने 'नक्की ना?' असं विचारलं की माउसवरचा हात काढून घेते.

प्रज्ञा बरोबर उलटी.

लातूरला ग्रंथालयांसाठीच्या ऑनलाइन टूल्सची कार्यशाळा होती. जेवणाच्या सुट्टीत बाकी सगळे जिलेबीच्या लाइनमध्ये, आणि ही बया आमच्या लायब्ररीचं अकाउंट काढून मोकळी.

अकाउंटने मोबाइल नंबर मागितला. कॉलेजला लँडलाइन, आणि लँडलाइनवर ओटीपी येत नाही. तिने स्वतःचा नंबर टाकला.

लायब्ररीवाल्यांनो, हसू नका. तुमच्याकडेही कुणाचा तरी स्वतःचाच नंबर असणार.

मग तिने एकेक टूल लावून बघायचा सपाटाच लावला. निम्मी तर आठवड्यातच काढून टाकली. "हे शोभेचं हाय मॅडम, कामाचं न्हाई."

राहिलं ते कामाचं. ऑनलाइन कॅटलॉग, कपाटांवर क्यूआर कोड, पुस्तक मागायला फॉर्म. खेड्यातली पोरं पुस्तक जागेवर आहे का ते मोबाइलवर बघून मगच बस धरायला लागली.

मी मागे उभी राहून एकच विचारायची, सगळं डिलीट झालं तर?

"काही फुटत न्हाई मॅडम. दाबा तुम्ही."

मी कधी दाबलं नाही. ती होती ना.

एका सकाळी डोकं फार दुखतंय म्हणून ती नांदेडला दवाखान्यात गेली. परत आली नाही.

तिच्यासाठी पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला आणि थोड्याच दिवसांत कॅटलॉग आपोआप लॉगआउट झाला. स्क्रीनवर तिच्या नंबरचे शेवटचे आकडे, आणि खाली 'ओटीपी टाका'.

मी माउसवरचा हात काढून घेतला.

फोन तिच्या आईकडे होता, मुदखेडला. लेक गेलेल्या बाईला ओटीपी कसा मागायचा? नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. असं कितीदा केलं कोण जाणे. शेवटी लागला.

"जयभीम बाई," तिकडून आई म्हणाल्या.

मी चाचरत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हा नंबर कुणाला सांगू नका म्हणत्यात. तुम्हाला सांगते."

आणि एकेक आकडा सावकाश सांगितला.

मग ते नेहमीचंच झालं. कॅटलॉग दर थोड्या दिवसांनी बंद पडायचा, मी मुदखेडला फोन करायची. माझ्या मोबाइलवर अजून 'प्रज्ञा' असंच नाव उमटतं. तिकडे मेसेज वाजला की आई म्हणायच्या, "आलं बघा प्रज्ञाचं."

मी आकडे लिहून घ्यायची.

एक दिवस त्यांनी फोन उचललाच नाही. दिवसभर जीव टांगणीला. संध्याकाळी कळलं, बहिणीकडे भोकरला गेल्या होत्या आणि फोन घरीच राहिला होता. तेव्हा लक्षात आलं, दिवसभर मला कॅटलॉगची भीती वाटलीच नव्हती, वाटली ती आईंना काही झालं नसेल ना याची.

मग प्राचार्यांना हे कळलं. रिचार्ज संपला तर कंपनी नंबर दुसऱ्याला देऊन टाकते, म्हणाले, प्रज्ञाची सगळी मेहनत पाण्यात जाईल. आठवड्याच्या आत नंबर बदलून घ्या.

खरंच होतं ते. पण नंबर बदलला की मुदखेडला मेसेज येणं बंद. तिच्या नावाने त्या घरात तेवढंच तर येत होतं.

काल 'नंबर बदला' दाबलं. आधी मुदखेडला फोन लावून ठेवला होता. जुन्या नंबरवर शेवटचा ओटीपी गेला.

"आलं बघा प्रज्ञाचं," आई म्हणाल्या.

आकडे सांगून झाले. मग मी सांगून टाकलं, की आता सगळं माझ्या नंबरवर घेतलंय, यापुढे तुम्हाला त्रास नाही.

आईंनी विचारलं,

"मग बाई, रिचार्ज मारू का नको आता?"

मला रडू आवरेना. मारा म्हणाले. मी याच नंबरवर फोन करत जाईन.

"कशाला? आकडे तर येणार न्हाईत."

"तुम्ही उचलता का बघायला."

"हाव," म्हणाल्या. "उचलते की."

आज सकाळी कॅटलॉग माझ्या नंबरवर उघडला. सगळं जिथल्या तिथे आहे. काही फुटलं नाही, प्रज्ञा.

नंतर मुदखेडला फोन लावला. स्क्रीनवर तुझं नाव. रिंग वाजत होती तेवढा वेळ माझा जीव जागेवर नव्हता.

आईंनी उचलला.

भीती माझी गेली नाही पोरी. पण फोन मी लावत राहीन.

तुला मनापासून आदरांजली. जयभीम.