चौकटीवरची दुसरी रेघ

"आधी पाऊल दाखव."

नव्या पोराशी सरांचं पहिलं वाक्य हेच असायचं. नाव नंतर, गाव नंतर, बारावीचे टक्के तर फारच नंतर. पोरगं गोंधळून चप्पल काढायचं आणि सर चक्क उकिडवे बसून त्याच्या पावलाशेजारी आपली वीत ठेवायचे. मी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीवर बसायचो, त्यामुळे हा सोहळा मला फुकटात बघायला मिळायचा. पालक आधी घाबरत, मग हसत. एका आजोबांनी तर "अहो, पाया काय पडताय, लहान आहे तो!" म्हणून त्यांना उठवायला हात दिला होता.

सर आमच्याकडे खेळाचे शिक्षक होते आणि मुलांच्या बास्केटबॉल टीमचे सर्वेसर्वा. टीम म्हणजे काय, तर सिमेंटचं एक कोर्ट, एका रिंगला जाळी, दुसरीला नाही, आणि दरवर्षी कमी पडणारे दोन-तीन खेळाडू. नाशिकमधली उंच पोरं मोठ्या कॉलेजांत जात. तिथे वसतिगृह, दोन वेळचं जेवण, नवे बूट. आमच्याकडे खेळाडूंना फीमध्ये सवलत होती आणि सर होते.

"उंची आजची सांगते, भाऊसाहेब. पाऊल पुढच्या दोन वर्षांचं सांगतं," असा त्यांचा सिद्धांत. कॉलेजात कारकुनाला सगळे भाऊसाहेबच म्हणतात; मला नाव आहे हे फक्त पगारपत्रकाला ठाऊक.

काही माणसांचं वर्ष इतरांपेक्षा वेगळ्याच महिन्यात सुरू होतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. सरांचं मे महिन्यात सुरू व्हायचं. परीक्षा संपून कॉलेज ओस पडलं की त्यांना कंठ फुटायचा. "मॅच मे महिन्यात असते, डिसेंबरात नुसता निकाल लागतो," असं ते म्हणत. डिसेंबरातला निकाल बहुतेक आमच्या विरोधात लागे. एवढ्या वर्षांत एकदाच आम्ही उपांत्य फेरीपर्यंत गेलो. त्यांच्या हाताखालचा एक मुलगा पोलिसात लागला होता आणि हे एकुलतं एक उदाहरण सरांनी निम्म्या जिल्ह्याला ऐकवलं होतं.

पोरं शोधायला ते शाळांमध्ये जात नसत, चप्पलवाल्यांकडे जात. घोटी, पिंपळगाव, मालेगाव, जिथे बाजार तिथे सरांचा एक चप्पलवाला. त्याला आपला नंबर देऊन ठेवायचा आणि सांगायचं, की कोवळ्या मिशीचं पोरगं दहाच्या वरचा नंबर मागायला आलं तर फोन कर. मंगल कार्यालयाच्या दारातही सर आधी चपलांचा ढीग बघत. एकदा माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांना अकरा नंबरचे सँडल सापडले. जेवण सोडून ते तासभर तिथेच उभे राहिले. शेवटी ते घालायला आला एक पन्नाशीचा एसटी ड्रायव्हर.

"मुलगा आहे का तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"दोन मुली," तो म्हणाला.

सर क्षणभर हिरमुसले, मग म्हणाले, "मुलींच्या टीमच्या मॅडमना सांगून ठेवतो," आणि पंगत उठल्यावर उरलेला मसालेभात खायला बसले.

घोटीच्या चप्पलवाल्याचा फोन आला तेव्हा सर माझ्या टेबलाशीच होते. फोन स्पीकरवर होता. "सर, बारा नंबर मागत व्हता. माझ्याकडं नाय म्हनलं, तर तसाच गेला बिचारा टायरच्या वहाना घालून." सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांना माझ्या मोटरसायकलवर घेऊन निघालो.

घोटीपासून आत एका वाडीत ते घर होतं. वडील भाताच्या गिरणीत हमाल, ते कामावर गेलेले. आई दारात उभी होती आणि स्टूल न घेता दाराच्या वरच्या पट्टीला आंब्याची डहाळी खोचत होती. सरांनी माझं कोपर दाबलं. "घरातच आहे उंची," ते पुटपुटले.

मुलगा आला. गोरख त्याचं नाव. सरांनी पाऊल मागितलं, वीत ठेवली, आणि वीत संपल्यावरही पाऊल बरंच उरलं. मग त्यांनी गोरखला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली आणि पेन्सिलने रेघ मारली. त्या रेघेवर आपली दोन बोटं ठेवली आणि त्यांच्या वर आणखी एक रेघ मारली.

"इथपर्यंत येणार तू," सर म्हणाले. "दोन वर्षांत. लिहून देतो."

गोरख हसला. "लय वर हाय ती, सर."

"पाऊल खोटं बोलत नाही."

मग पोलिसातल्या मुलाची गोष्ट झाली. आईने ती नीट ऐकली आणि पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात गोरखचा शाळा सोडल्याचा दाखला होता. प्रवेशाचं सगळं ऑनलाइन झालं असलं तरी मूळ दाखला कागदाचा आणि एकच असतो. तो ज्याच्या कपाटात, पोरगा त्याचा. खेळाचे सगळे मास्तर हे जाणून असतात आणि मेमध्ये त्यांची खरी धाव दाखल्यामागेच असते. फी-सवलतीचा कागदी फॉर्म मी भरला, अक्षर माझं बरं म्हणून. दाखला माझ्या हातात देताना आईने विचारलं, "कागद परत भेटंल ना, भाऊसाहेब? एकच हाय."

"मिळेल हो, मागाल तेव्हा," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर सर मागे बसून चक्क गात होते. सूर भयंकर होता, पण मी मोटरसायकल हळू चालवली.

जूनमध्ये प्राचार्यांनी मला आत बोलावलं आणि संस्थेचा ठराव टाइप करायला दिला. खेळाडूंची फी-सवलत या वर्षापासून बंद. बास्केटबॉल टीम बंद. कोर्टाच्या जागी नव्या कोर्सची इमारत. "प्रवेशाची गडबड संपेपर्यंत हे बाहेर जाता कामा नये," साहेब म्हणाले. मी टाइप केलं, तारीख घातली, सही घेतली आणि ते पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्या दिवशी सर पेठच्या बाजूला कुणाचं तरी पाऊल बघायला गेले होते.

तिसऱ्या दिवशी गोरख खिडकीशी आला. पुण्याच्या एका कॉलेजचा माणूस त्याच्या घरी येऊन गेला होता. फी माफ, वसतिगृह, जेवण, बूट. फक्त आठ दिवसांत मूळ दाखला हवा, मग त्यांची यादी बंद. "आमचा कागद द्या, भाऊसाहेब," तो म्हणाला. मी आत जाऊन सरांना फोन लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिकडे तो बारावा गडी म्हणून बाकावर बसेल हो. तीन वर्षं टॉवेल सांभाळेल. आपल्याकडे तो पहिला. भाऊसाहेब, आठ दिवस कपाटाची किल्ली हरवली म्हणा."

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. "सर, आपली टीमच राहिली नाही," एवढंच. बोललो असतो तर त्यांनी त्याच क्षणी दाखला द्यायला लावला असता, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. माझी काही नोकरी गेली नसती. फार तर साहेबांनी दोन शब्द सुनावले असते. पण सत्तावीस वर्षं साहेबांनी सांगितलेलं न सांगण्याची सवय झालेली जीभ ऐन वेळी वळली नाही. मी "बरं" म्हणालो, खिडकीशी परत आलो आणि किल्ली हरवल्याचं सांगितलं. किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती.

गोरखने भांडण केलं नाही. माठातलं पाणी प्यायला आणि गेला. चार दिवसांनी आईला घेऊन आला. मी पुन्हा तेच सांगितलं.

"कागद हाय ना पन?" तिने विचारलं.

"आहे हो, सुखरूप आहे."

तिला तेवढ्यानेच बरं वाटलेलं दिसलं. 

पुण्याची यादी बंद झाली आणि दोन दिवसांनी आमचं पत्र निघालं. सरांची प्रत मीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, संपलं तसं पुन्हा वरून सुरू केलं, आणि मी बघत होतो, त्यांची नजर तारखेवर थांबली. ती गोरख दाखला मागायला आला त्याच्या आधीची होती. मला वाटलं, आता हे मला सगळ्यांदेखत फाडून खाणार. खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी पत्राची घडी घातली. "भाऊसाहेब, किल्ली सापडली का?" त्यांनी विचारलं.

मी ती खिशातून काढून टेबलावर ठेवली.

सरांनी त्या वर्षी जमवलेल्यांपैकी शहरातल्या दोन पोरांना आमच्याकडेच पूर्ण फी भरून प्रवेश मिळाला. गोरखला ते शक्य नव्हतं, आणि दुसरीकडच्या सवलतीच्या जागा भरून गेल्या होत्या. "पुढच्या वर्षी बघू" असं आपण म्हणतो, पण तशा घरांत पुढचं वर्ष येत नाही. पोरगा कामाला लागतो. सर दाखला घेऊन एकटेच एसटीने घोटीला गेले. मी येतो म्हणालो तर "नको" म्हणाले. परत आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, की आईने चहा केला, दाखला त्याच पिशवीत घालून पेटीत ठेवला आणि म्हणाली, "सर, तुमी कशाला आले एवढ्या पावसापान्याचं? निरोप धाडला असता तर पोरगा आला असता." चहा पिताना समोर चौकटीवरच्या दोन रेघा दिसत होत्या, हेही ते म्हणाले. नंतर त्या विषयावर ते बोलले नाहीत. मीही क्षमा मागितली नाही. रोज मागायचं ठरवून जायचो आणि रोज हजेरीपट विचारून परत यायचो.

कोर्ट खोदलं गेलं तेव्हा सर परीक्षांच्या सुपरव्हिजनला होते. जाळी असलेली रिंग कुणीतरी भंगारात नेली. पुढच्या मेमध्ये ते रोज ऑफिसात येऊन माझ्यासमोर नुसते बसत. चप्पलवाल्यांचे फोन यायचे; सर स्क्रीनवरचं नाव वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे. प्रवेशाला पोरं यायची, एखादं चांगलं ताडमाड असायचं. सर त्याच्या तोंडाकडे बघत, पायाकडे नाही. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा मीच म्हणालो, "सर, त्याचं पाऊल बघा की." ते म्हणाले, "कशाला उगाच?"

ते निवृत्त झाले आणि गेल्या थंडीत गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्ययात्रेला पोलिसातला तो मुलगा आला होता. खांदा द्यायला एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी. तिरडी माझ्याकडे कलली. मग तो गडी सगळी वाट गुडघे वाकवून चालला. सरांनी हे पाहिलं असतं तर "जोडी चुकली, बदला" म्हणून ओरडले असते.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी द्राक्षं घ्यायला पिंपळगावला गेलो होतो. एका पॅकहाउसच्या दारात टेम्पो भरत होते. सगळे हमाल टेम्पोच्या फळीवर चढून वरचे क्रेट लावत होते; एक जण जमिनीवर उभा राहूनच लावत होता. मी आधी त्याचे पाय बघितले. ही सवय मला कधी लागली, कळलं नाही. टायरच्या वहाणा, टाचा बाहेर आलेल्या.

"भाऊसाहेब!" तो क्रेट खाली ठेवून धावत आला. खांदे भरले होते, आवाज जाड झाला होता. माझ्यावर त्याचा राग असायला हवा होता. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, आतली द्राक्षं बघितली, "ही नका नेऊ, आंबट हायेत," म्हणाला आणि आतून दुसरी आणून दिली. मला त्याच्याकडे धड बघवेना.

"सर कसे हायेत?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण तो थांबला नव्हता. "मागच्या म्हयन्यात घरी गेल्तो. आईनं चौकटीला उभं केलं. वरच्या रेघंला टेकलो, भाऊसाहेब! बराबर टेकलो. सर म्हनले व्हते तसंच." त्याने दोन बोटं जोडून आपल्या डोक्यावर धरली आणि हसला. टेम्पोवाल्याने हाक मारली. तो जाता जाता वळला.

"सरांना सांगा तेवढं. लय खूश व्हतील."

"सांगतो," मी म्हणालो.