साइडकारमधले अप्पा

घरात मोटरसायकल असली की पेट्रोलचा खर्च वाढतो. तिला साइडकार जोडली की किस्से वाढतात! आमच्याकडे एकाच हिवाळ्यात इतके साठले, की कुठला आधी सांगू असं होतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. दिवाळीनंतर माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. अप्पा मूळचे निपाणीचे, बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार व्हायचा. ते गप्प झाल्यावर घरच गप्प झालं. डॉक्टर म्हणाले, "रोज व्यायामाला आणा, त्यांच्याशी बोलत राहा. वाचेचं संक्रांतीपर्यंत बघू." पुढचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

*

व्यायामाचा दवाखाना बेंगळुरातल्या मल्लेश्वरमला, आम्ही राजाजीनगरला. अप्पांना रिक्षात चढवता येईना, म्हणून सतीशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बसवायला सोपी अशी जुनी साइडकार मिळवून मोटरसायकलच्या डाव्या अंगाला जोडली.

पहिल्या दिवशी रिकामी चालवून बघितली. डावीकडे वळला आणि साइडकार सरळ हवेत! सतीश इतका घाबरला की यापुढे फक्त उजवीकडेच वळायचं असं त्याने ठरवलं. आम्ही एकाच केळीवाल्यासमोरून तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तो काकुळतीने म्हणाला, "सार्, बाळेहण्णु बेका?"

केळी घेतली. मग डावीकडेही वळायला लागला, पण बैलगाडीच्या वेगाने.

*

सकाळी थंडी मरणाची. अप्पांना मंकी कॅप, मफलर, दोन शाली, वर घोंगडी. थंडी वाजतेय का, हे ते सांगू शकत नव्हते, म्हणून मी गुंडाळतच जायचे. शेवटी नुसतं नाक उरायचं.

सिग्नलला पोलीस वाकून बघायला लागला. "मॅडम, जिंदा हैं ना?"

मी पटकन नाकाजवळ हात नेला! अप्पांनी एक डोळा उघडून आम्हा दोघांकडे बघितलं. पोलिसाने सलाम ठोकला.

*

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सतीश गाडीवरूनही बोलायचा. इंजिनाच्या आवाजात ओरडावं लागे. एकदा धुक्यात ओरडला, "अप्पा, रात्री झोप लागली का?"

शेजारच्या स्कूटरवरून उत्तर आलं, "छे हो, डास फार!"

बेंगळुरात भल्या सकाळी मराठी! आम्ही हसलो. अप्पा समोर बघत राहिले. रोज विचारायचं आणि रोज हेच. सतीश रात्री म्हणायचा, "त्यांना ऐकू तरी जातंय ना गं?" मी हो म्हणायचे. मलाही ठाऊक नव्हतं.

*

भोगीचा दिवस. दुसऱ्या दिवशी संक्रांत. आम्ही दोघंही सकाळपासून एकमेकांची नजर चुकवत होतो.

दवाखान्याच्या अलीकडे अचानक गाय आडवी आली. सतीशने घाईत हँडल डावीकडे दाबलं आणि साइडकार उचलली गेली. या वेळी अप्पांसकट! मी मागे बसून किंचाळले. चाक धाडकन खाली आपटलं, इंजिन बंद पडलं.

रस्त्यावर एकदम शांतता. आणि शालींच्या आतून जड, तुटक, पण स्पष्ट आवाज आला.

"बावळटा... मारतोस का?"

सतीश हँडल धरून उभा, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी अप्पांच्या अंगाखांद्यावर हात फिरवून बघत होते. कुठे लागलं नव्हतं. ते फक्त भयंकर चिडले होते.

सतीशने मफलरने तोंड पुसलं, किक मारली आणि दवाखान्याच्या फाटकावरून गाडी तशीच पुढे नेऊन परत फिरवली.

"अरे, कुठे चाललास?" मी ओरडले.

"घट्ट धर. तेच वळण परत घेतोय!"