शिंकेन, पण शुद्धीत

थिएटरात तिला सगळे ‘वरची’ म्हणत. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं.

रंगमंचाच्या डोक्यावर, तीन शिड्या चढून गेलं की एक अरुंद लाकडी माळा लागायचा. तिथे एकवीस दोर आणि एकवीस खुंट्या. एका दोराला जंगल, एकाला राजवाडा, एकाला ढगांची रांग. प्रेक्षकांना वाटायचं, जंगल आपोआप नाहीसं झालं. कसलं आपोआप! वरती एक बाई पदर खोचून, दात-ओठ खाऊन ते जंगल ओढत असायची. नवऱ्याचे गुडघे गेले म्हणून त्याच्या जागी ती आठ दिवसांपुरती चढली होती. त्याला आता बावीस वर्षं झाली. नवरा गेला, मुलाचं लग्न झालं, सून आली, आणि बाई अजून वरच.

या बावीस वर्षांत तिचा एकही दोर चुकला नव्हता. याचा तिला असा तोरा होता, की नटमंडळींना टाळ्या पडल्या तर ती वरून स्वतःच मान तुकवून त्यांचा स्वीकार करायची. तो मुजरा कुणाला दिसायचा नाही, पण तिची त्याबद्दल तक्रार नव्हती.

एकच शत्रू होता. थिएटरच्या मागच्या अंगाला एक भलं थोरलं झाड होतं. वर्षातून दीड महिना ते फुलायचं आणि त्याचा पिवळा भुरका माळ्यावरच्या उघड्या झरोक्यातून आत यायचा. मग वरचीचे डोळे चुरचुरायचे, नाकाचा नळ व्हायचा आणि शिंका सुरू झाल्या की सात-आठ झाल्याशिवाय थांबायच्या नाहीत. झरोका बंद करा, असं ती मॅनेजरला तीन वर्षं सांगत होती. मॅनेजर म्हणायचा, “बघू.”

आता रंगपटातल्या डब्याची गोष्ट. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्याला सगळे ‘दवाखाना’ म्हणायचे. उरलेल्या गोळ्या ज्यानं-त्यानं त्यात टाकायच्या. पाकिटं मावत नाहीत म्हणून कात्रीनं एकेक गोळी कापून टाकायची, म्हणजे औषधाचं नाव अर्धवट कापलं जायचं आणि तारीख केरात जायची. नाटकाच्या धंद्यात आजारपणाची रजा कुणी घेत नाही. घंटा झाली की डब्यात हात घालायचा, दिसेल ती गोळी पाण्याबरोबर ढकलायची आणि उभं राहायचं. कित्येक राजे, राण्या आणि खलनायक त्या डब्यावर तरले, असं सगळे अभिमानानं सांगायचे. किती जण बुडाले, ते कुणी मोजलं नव्हतं.

त्या शनिवारी दुपारचा प्रयोग होता. तिसऱ्या अंकात तुरुंगाचा दरवाजा वरून खाली यायचा. लाकडाचाच, पण चार माणसांच्या वजनाचा. तो राजाच्या डोक्यावर एक हात अंतर ठेवून थांबायचा, राजा त्याच्याखाली उभा राहून आपलं शेवटचं भाषण करायचा, बाजूला व्हायचा, आणि मग दरवाजा धाडकन जमिनीला टेकायचा. कुठे थांबायचं त्याची खूण म्हणून वरचीनं दोराला लाल चिंधी बांधली होती. चिंधी खुंटीला आली की थांबायचं.

“आज जर शिंकलीस ना,” मॅनेजर पहिल्या घंटेला तिला म्हणाला, “तर माझ्या नाटकाचं वाटोळं होईल. ही घे.” आणि त्यानं ‘दवाखान्या’तली एक पांढरी गोळी तिच्या हातावर ठेवली.

तिनं ती घेतली. शिंका थांबल्याही. दुसऱ्या अंकात तिला छान, हलकं वाटायला लागलं. तिसऱ्या अंकात लाल चिंधी सरकत सरकत खुंटीकडे आली. वरचीनं ती टक्क डोळ्यांनी पाहिली. पण डोळ्यांना कळलेलं हाताला कळायला वेळ लागला. हात आवळला तोवर चिंधी खुंटीच्या वीतभर पुढे गेली होती. खाली राजाचा मुकुट दरवाजाला लागून डाव्या कानावर आला. प्रेक्षक खो-खो हसले.

वरची मात्र हसली नाही. दोर खुंटीला बांधून तिनं चिंधी किती पुढे गेली ते वीत लावून मोजलं. आणखी वीतभर दरवाजा उतरला असता, तर मुकुटासकट डोकं गेलं असतं.

प्रयोगानंतर राजा रंगपटात दाढी उतरवत होता. साठीचा, भारदस्त आवाजाचा माणूस. त्यानं आरशातूनच विचारलं, “काय गं वरचे, आज माझ्यावर राग होता का?”

“राग नाही हो, गोळी होती,” ती म्हणाली. “हात माझा नव्हता.”

“हळू बोल!” मॅनेजर घाईनं दार लावत म्हणाला. “लोकांना विनोद वाटला, झालं. उद्या अर्धी घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचीनं तो डबा उचलला, काखोटीला मारला आणि थेट औषधांचं दुकान गाठलं. दुकानात चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई असायची. तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि बोटानं आतल्या गोळ्या चाळवल्या.

“हे काय आहे?”

“आमचा दवाखाना.”

“हा दवाखाना आहे? मावशी, यातल्या निम्म्या गोळ्या मलाही ओळखता येत नाहीत. काल यातली कोणती घेतलीत?”

“पांढरी.”

“सगळ्याच पांढऱ्या आहेत! बरं, त्याआधी आणखी काही घेतलं होतं?”

वरचीनं आठवून सांगितलं. सकाळी नाक वाहत होतं म्हणून सुनेनं सर्दीचं पातळ औषध दिलं होतं, दोन चमचे.

दुकानवाली बाई कपाळावरचा चष्मा नाकावर आणून म्हणाली, “बघा, सर्दीच्या बऱ्याच औषधांत शिंका थांबवणारं औषध आधीच घातलेलं असतं. त्यावर तुम्ही डब्यातली घेतलीत, म्हणजे एकाच जातीचं औषध बहुधा दोनदा पोटात गेलं. आणि ते जुन्या तऱ्हेचं, झोप आणणारं. काम काय करता?”

“माणसांच्या डोक्यावर दरवाजे उतरवते.”

बाईनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

मग तिनं प्रश्नांची सरबत्तीच लावली. डोळ्यांत दाब वाढल्याचं कुणी सांगितलंय? लघवीला अडतं? झोपेची, रक्तदाबाची, कसलीही दुसरी गोळी चालू आहे? दारू घेता का? शेवटच्या प्रश्नाला वरची म्हणाली, “ते काम खालच्या मंडळींकडे आहे.”

“त्यांनाही सांगा, या गोळ्यांबरोबर दारू नको,” बाई म्हणाली. मग तिनं एक छोटं पाकीट पुढे सरकवलं. “ही नव्या तऱ्हेची. दिवसातून एकच. आज बरं वाटलं नाही म्हणून दुसरी घ्यायची नाही. बहुतेकांना हिनं झोप येत नाही, पण काहींना येते, आणि तुम्ही त्या काहींतल्या आहात का ते मला इथून दिसत नाही. म्हणून पहिली गोळी सुट्टीच्या दिवशी, घरी. दिवसभर स्वतःकडे लक्ष द्या. पाकीट कापू नका, नाव आणि तारीख त्यावरच राहू दे. दर वर्षी त्रास होतो ना, मग एकदा डॉक्टरांनाही दाखवा, नाकात मारायचा फवारा मिळतो. आणि कधी श्वास कोंडला, ओठ-जीभ सुजली, तर गोळी शोधत बसायचं नाही, सरळ इस्पितळ.”

“मग आज? आज दुपारी प्रयोग आहे.”

“आज काही नाही. नाकातोंडावर ओला रुमाल बांधा. आणि तो भुरका येतो कुठून, ते आधी बंद करा.”

डबा बाईनं नीट नष्ट करायला ठेवून घेतला. थिएटरात परत जाताना वरचीचा हात मोकळा होता आणि डोकं तापलेलं होतं. तिनं थिएटरच्या सुताराला गाठलं आणि एक फळी मागितली.

“झरोक्याला?” सुतार म्हणाला. “ताई, मॅनेजरांना विचारलंस का?”

“तीन वर्षं विचारतेय. आता ठोक.”

फळी ठोकल्याचा आवाज ऐकून मॅनेजर धावत आला. ‘दवाखाना’ गेल्याचं कळल्यावर तर त्याचा पाराच चढला. त्यानं स्वतःच्या खिशातून एक गोळी काढली. “हे बघ बाई, वाद नको. ही घे आणि वर जा. नाहीतर घरी जा.”

“घेणार नाही आणि जाणारही नाही.”

“मग शिंकशील!”

“शिंकेन, पण शुद्धीत शिंकेन.” तिचा आवाज रंगपटापर्यंत गेला आणि तिथे तोंड रंगवत बसलेली मंडळी मागे वळली. “शिंक सांगून येते हो. नाकात मुंगी चालते, डोळे भरतात, तेवढ्या वेळात मी खुंटीला एक वेढा जादा मारते, मग दहा शिंका आल्या तरी दोर जागचा हलत नाही. पण त्या गोळीची गुंगी सांगून येत नाही. काल माझे डोळे उघडे होते. बाहुलीचेही असतात!”

एवढं बोलून ती शिडी चढून गेली.

माळ्यावर भुरका कमी होता, पण जुना साठलेला होताच. तिसऱ्या अंकात दरवाजा उतरला, चिंधी खुंटीला आली, वरची थांबली. बोटभरही फरक नाही. नाकात मुंगी चालली. तिनं जादा वेढा मारला. खाली राजा दोन्ही हात पसरून म्हणत होता, “माझ्यासाठी रडणारं आता कुणीही उरलं नाही...”

आणि वरून आल्या, एकामागून एक, पाच शिंका.

प्रेक्षागृहात हशा उसळला. राजानं सावकाश मान वर केली, हशा ओसरू दिला, आणि त्याच भरल्या आवाजात म्हणाला, “ऐका! रडून रडून आभाळालासुद्धा सर्दी झाली.” टाळ्यांचा कडकडाट झाला. वरचीनं रुमालाआडून मान तुकवली. दरवाजा तसूभरही हलला नव्हता.

पण मॅनेजरला टाळ्या ऐकू आल्या नाहीत, हशाच ऐकू आला. पडदा पडल्याबरोबर तो शिडीखाली येऊन उभा राहिला. “मंगळवारपासून तू दाराशी तिकिटं फाडायची. दोरावर सुतार चढेल.”

बावीस वर्षं. वरचीनं तोंडावरचा रुमाल सोडला, घडी घालून कमरेला खोचला. “मंगळवारी भेटू,” एवढंच म्हणाली.

सोमवारी सुट्टी होती. तिनं सकाळी नव्या पाकिटातली एक गोळी घेतली आणि सुनेला समोर बसवलं. “माझ्यावर पाळत ठेव. डुलकी लागली तर सांग, भीड ठेवू नकोस.”

सुनेला एवढी संधी पुन्हा कधी मिळणार! तिनं सासूला सुईत दोरा ओवायला लावला, शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले, जिन्यावरून चार वेळा वर-खाली करवलं. दुपारी वरची डोळे मिटून बसलेली दिसली तशी ती ओरडली, “आई, झोपलात!”

“झोपले नाही गं. तुझ्याकडे बघायचा कंटाळा आला म्हणून मिटले.”

“मग ठीक आहे,” सून म्हणाली. “डोकं ताळ्यावर आहे.” संध्याकाळपर्यंत दोनच शिंका आल्या होत्या.

मंगळवारी दुपारी वरची थिएटरात आली ती तिकिटांच्या दाराकडे न वळता सरळ रंगमंचावर. मॅनेजर तिथेच होता. त्यानं तिच्याकडे न बघता हाक मारली, “सुतार, चढ वर.”

सुतारानं मान खाली घातली. “मी सकाळी सर्दीची गोळी घेतलीय साहेब. झोप आणणारी.”

“तुला सर्दी कधी झाली?”

“आत्ताच. तुम्ही माझं नाव घेतलंत तेव्हा.”

मॅनेजर दिवेवाल्याकडे वळला. तो आधीच नाकाला रुमाल लावून बसला होता.

“आणि माझंही ऐकून ठेवा,” राजा पायात जोडे चढवत म्हणाला. “त्या दरवाजाखाली डोकं माझं असतं. आपण चुकलो हे जी स्वतः येऊन सांगते, ती वर असेल तर मी खाली उभा राहीन. नाहीतर आजचा राजा तुम्ही.”

मॅनेजरनं तीन शिड्यांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. वरचीनं त्याच्या हुकमाची वाट पाहिली नाही. पदर खोचला आणि चढायला लागली. पहिल्या शिडीवर ती थांबली.

“आज एक गोळी घेतलीय, सकाळी सातला. काल घरी तपासून पाहिलीय. हे मी रोज सांगत जाईन. आणि ज्या दिवशी हात माझा नसेल, त्या दिवशी चढणार नाही. मग तुम्ही नाटक बंद ठेवा नाहीतर दरवाजा आधीच जमिनीवर आणून ठेवा, मला त्याचं काही नाही.”

दुसरी घंटा झाली. वरती तिनं एकेक दोर ओढून पाहिला, एकेक खुंटी हातानं चाचपली. खालून मॅनेजरचा आवाज आला, “बाई, तयार?”

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारला होता. नेहमी घंटा व्हायची आणि तिनं तयार असायचं.

“थांबा,” वरची म्हणाली. “अजून सहा दोर राहिलेत. झाले की सांगते.”

आणि मॅनेजर खाली, मान वर करून, थांबला.