अंजलैचं सांबार

अंजलैचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला. त्यामुळे एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची सोय तिला राहिली नाही. आत गेलेलं आतच राहायचं. उत्तर मद्रासच्या टोकाला, खाडीकाठच्या पुळियंकुप्पम या कोळ्यांच्या वस्तीत तिची इडलीची गाडी. इडली बरीच म्हणायची, पण लोक यायचे ते सांबारासाठी. सकाळी गाडीवरची ताडपत्री झटकली की करडी राख उडायची. पलीकडच्या वीजघराची राख वाऱ्याबरोबर येते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अंजलै ताडपत्री झटकायची, पातेल्यावर ओलं फडकं बांधायची आणि कामाला लागायची.

तिचा नवरा मुनुसामी खाडीत मासे धरायचा. खाडी राखेनं बुजत गेली तसा तो राखेच्याच लॉऱ्या भरायला जाऊ लागला, आणि खोकत खोकत गेला. डॉक्टर म्हणाले, बिडी वेळेवर सोडायला हवी होती. ज्याला बिडीचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही, त्याच्याबद्दल हे! गरिबाचं मरण गरिबाच्याच माथी मारलं की सगळे मोकळे. अंजलै तेव्हा काही बोलली नाही. बोलून कुणाला सांगणार होती?

पुढे कुप्पममधलाच इनियन गायला लागला. गायला म्हणजे काय, ठेक्यावर भराभर कविता म्हणायची, रॅप. लोक त्याला उप्पु म्हणायचे, म्हणजे मीठ, कारण त्याचा आजा मिठागरावर राबलेला. तुंबलेली गटारं, आटलेले नळ, गेलेली खाडी, असलं सगळं त्याच्या कवितेत असायचं. सिनेमातल्या नटांचं असतं तसं त्याच्याही चाहत्यांनी मंडळ काढलं. एकदा ते त्याच्या फलकावर दुधाचा अभिषेक करायला निघाले, तेव्हा यानं किटली हिसकावून घेतली आणि अंगणवाडीत पाठवली. चाहते हिरमुसले, पण दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट छाती फुगवून सांगत फिरले.

त्याची एक ओळ सगळ्यांच्या तोंडी होती. "ताट आमचं, भात आमचा, वरून कुणाचं..." एवढं म्हणून तो थांबायचा, माइक लोकांपुढे धरायचा, आणि सगळे ओरडायचे, "सांबल!" सांबल म्हणजे तमिळमध्ये राख.

अंजलैच्या एका कानाला ते ऐकू आलं, सांबार.

ती हरखूनच गेली. आपल्या गाडीवर खाऊन मोठा झालेला पोरगा, त्यानं आपल्या सांबारावर गाणं केलं! त्या दिवसापासून इनियनला एक पळी जास्त. मग त्याच्या चाहत्यांनाही जास्त. ती स्वतःही भांडी घासताना गायची, "वरून कुणाचं सांबार?" प्रश्न पळीचा असल्यामुळे तिची चूक कुणी दुरुस्त केली नाही. मागून मात्र तिला सांबार अक्का म्हणायचे आणि खिदळायचे.

शेवटी मंडळाचा अध्यक्ष, रिक्षावाला पवुनराज, याला राहवलं नाही. खाता खाता त्याच्या मोबाइलवर तेच गाणं लागलेलं, अंजलै बरोबरीनं 'सांबार' म्हणाली, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"अगं अक्का, सांबार नाही गं! सांबल, सांबल! राख!"

अंजलैची पळी हवेतच राहिली. "पुन्हा लाव."

"काय?"

"गाणं पुन्हा लाव म्हणते ना. आणि इकडं धर, या कानाशी."

तिनं अख्खं गाणं ऐकलं. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हे तर आमच्या ह्यांचं गाणं आहे."

पवुनराज हसायचा थांबला. डॉक्टरांना जे दिसलं नव्हतं आणि अंजलैला बोलता आलं नव्हतं, ते कुणीतरी भर रस्त्यात ओरडून सांगत होतं. खरी चाहती ती त्या दिवशी झाली. रोज सकाळी इडलीचं पहिलं भांडं उतरेपर्यंत ते गाणं वाजलंच पाहिजे, नाहीतर ती पवुनराजला बसू द्यायची नाही.

आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, कुप्पमच्या अम्मन देवीची जत्रा. दुपारी नाचणीची आंबील, संध्याकाळी कार्यक्रम. यंदा मांडव आणि दिवे दामोदरननं दिले. राखेच्या लॉऱ्या त्याच्याच. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय अम्मनच्या दारातही चालतो. त्यानं इनियनला निरोप धाडला, गाणं म्हण, तेवढा एक शब्द नको.

त्या सकाळी इनियन गाडीवर आला. मान खाली.

"अक्का, आज सांबल नाही म्हणणार. तुझंच सांबार म्हणतो. तुला आवडायचं ना?"

"कुणाच्या भीतीनं?"

"आमचा थोरला अण्णा त्याचीच लॉरी चालवतो गं. घर त्याच्यावर आहे."

अंजलैनं त्याला इडल्या वाढल्या, त्यावर एक पळी सांबार घातलं आणि फडकं परत बांधून टाकलं. जास्तीची पळी पडली नाही. तो तेवढंच खाऊन गेला.

संध्याकाळी मांडव भरला. दामोदरन पुढच्या खुर्चीत. ओळ आली, इनियन थांबला, आणि आधीच पढवून ठेवलेले चाहते ओरडले, "सांबार!" सगळीकडे हशा. दामोदरननंही टाळी दिली. अंजलैचं डोकं भणभणलं. माझ्या चुकीला हसत होतात, आणि आता तीच चूक देवीपुढे गाता?

दुसऱ्यांदा ओळ आली. माइक पुढे झाला. बायकांच्या बाजूनं एकच आवाज आला, चिरका, "सांबल!"

"अक्काला परत उलटं ऐकू आलं!" कुणीतरी म्हणालं. पवुनराज मागे वळून ओरडला, "अक्का, आज सांबार आहे, सांबार!"

अंजलै उठून उभी राहिली. "मला नीट ऐकू आलंय. मला एक तरी कान आहे. तुमचे दोन्ही कुठं ठेवून आलात?"

 इनियननं ठेका थांबवला. एकदा दामोदरनकडे पाहिलं, एकदा अंजलैकडे. मग ठेक्याशिवायच सावकाश म्हणाला, "ताट आमचं, भात आमचा, वरून कुणाचं..." आणि माइक बायकांच्या बाजूला धरला.

आधी आंबिलीची भांडी घेऊन बसलेल्या बाया ओरडल्या, "सांबल!" मग पवुनराज. मग सगळे. दामोदरनची खुर्ची रिकामी झाली, तरी ओरडणं थांबेना.

त्याच आठवड्यात इनियनच्या भावाची, अण्णाची, लॉरीवरची नोकरी गेली. आता तो पवुनराजच्या चुलत्याची रिक्षा चालवतो. मिळकत कमी आहे, हे इनियन लपवत नाही. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी इनियन गाडीवर आला तेव्हा अंजलैनं फडकं सोडलं आणि न मागता दोन पळ्या घातल्या.

ते बघून पवुनराजनं आपली ताटली पुढे केली. "अक्का, मलाही वाढ ना थोडं सांबल!"

अंजलैनं त्याच्या मनगटावर पळी हाणली.

"ते वाढणारा वेगळा आहे, मेल्या. त्याच्याकडं जाऊन माग."