अर्धी टीप

माझ्या नणंदेला सगळी गल्ली टीपताई म्हणायची. मास्तरांच्या दुकानात ती पायमशीनवर कपडे शिवायची. तिची टीप इतकी सरळ की गिऱ्हाइकं कपडा उलटा करून आतली बाजू दुसऱ्यांना दाखवायची. एकदा टीप धरली की टोक गाठेपर्यंत ती थांबायची नाही. कुणी हाक मारली तरी, "टीप संपू दे."

मग उजवा पाय पायडलवरून घसरायला लागला. बोटांना मुंग्या, एका डोळ्यापुढे धुकं. डॉक्टर म्हणाले, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण खराब होतं आणि पायाला दिलेला हुकूम वाटेतच अडतो. त्या दिवशी मी देवासमोर बसले खरी, पण मागायचं काय तेच सुचेना.

औषधांबरोबर व्यायाम सांगितला. मी तिला फिजिओथेरपीच्या केंद्रावर न्यायचे. खुर्चीतून उठायचं, बसायचं, दांडी धरून चालायचं, बसल्या बसल्या सायकल मारायची. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी आधीच बजावलं, "दमण्याआधी थांबायचं. अंग तापू द्यायचं नाही. गेलेलं परत येईलच असं मी म्हणत नाही. आहे ते टिकवू."

टीपताईने मान डोलावली. मनात मात्र एकच, पाय पायडलवर परत चालला पाहिजे. मास्तरांनी तिचं मशीन अजून कुणाला दिलं नव्हतं.

"हाताने चाक फिरवायचं मशीन घेऊ," आमचे हे म्हणाले.

"एक हात चाकात गुंतला की कापड कोण धरणार, दादा? तू?"

"धरेन की!"

"मग बाह्या पाठीवर येतील लोकांच्या."

घरी ती व्यायामही टीप घातल्यासारखाच करायची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "वन्सं, बसा आता!"

"आलंच टोक."

एका दुपारी पंखा न लावता ती अशीच चालत राहिली. मी बाहेर येऊन बघते तर दोन भिंतींच्या मध्ये फरशीला गाल टेकून पडलेली. पाय लाकडासारखे, डोळ्यापुढे पुन्हा धुकं. विसाव्याने ते निवळलं, पण भिंत सोडायचा तिचा धीर गेला.

व्यायामाच्या बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "शिवताना मध्येच थांबावं लागलं तर काय करता?"

"सुई कापडात रोवून ठेवते. जागा हलत नाही."

"मग तसंच थांबा. थांबल्याने केलेलं उसवत नाही."

मग आम्ही दोन भिंतींच्या मध्ये खुर्ची ठेवली. गळ्याभोवती ओला पंचा घेऊन ती चालायची, बसायची, पुन्हा उठायची. मोरीपर्यंत एकटी जायला लागली, तशी म्हणाली, "वहिनी, दुकानात चल."

मास्तरांनी मशीनला तेल घालून ठेवलं होतं. तिच्यापुढे उशीचा अभ्रा ठेवून ते उगाच दोऱ्याची रिळं लावत बसले. पायडल चाललं. टीप सरळ पडत होती. अर्ध्यावर ती आपणहून थांबली, सुई कापडात रोवली, डोळे मिटून बसली. मी मनात देवाचं नाव घेत होते.

मग तिने पाय दाबला. तो हलला नाही. पुन्हा दाबला. शेवटी हाताने गुडघा ढकलला, तसं चाक उलटं फिरलं आणि धागा तुटला.

"मास्तर, मशीन द्या कुणाला तरी. नुसतं ठेवलं तर गंजेल."

"घाई काय आहे, टीपताई?"

"मला आहे. ते वाट बघतंय म्हटलं की झोप येत नाही."

कात्रीने दोरा नीट कापून तिने अभ्रा घडी केला आणि मास्तरांच्या हातात दिला.

परतताना गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी पायरीवर ती न सांगता बसली. दमली नव्हती अजून. मी शेजारी बसले. तिची मांडी आपोआप थरथरत होती, तिने तिच्यावर हात ठेवला.

"उद्या केंद्रावर नेशील ना?"

नेईन म्हणून मी मान हलवली.

"मोरीपर्यंत तरी माझी मी जाईन, वहिनी," ती म्हणाली, आणि उठायला माझा हात मागितला.